पुण्यात कबाबची गाडी लावताय? मसाल्याच्या आधी हे वाचा

आमच्याकडे कोंढव्यात रमजानला महिना-दीड महिना राहिला की दोन-चार नवी पोरं येतातच, चाचा गाडी लावायचीय, मसाला सांगा. मसाला मी सांगतो, त्यात लपवण्यासारखं काय नाही. पण त्याआधी दोन गोष्टी विचारतो, मांस कुठून आणणार आणि आणल्यापासून गाडीवर येईपर्यंत ते कुठं राहणार. पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं, दुसऱ्याचं फार कमी जणांकडे. दरवेळी तेच तेच बोलतो म्हणून यावेळी सगळं लिहूनच काढतोय. मी जुन्नरकडचा, शिक्षण मराठी शाळेत, पुण्यात आलो तेव्हा कॅम्पात मामूंच्या शेगडीवर पंखा हलवायला उभा राहिलो, आणि तेव्हापासून याच धंद्यात आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या, संग्रहात आहे, रसूलुल्लाह (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात तर आत ओल लागते. विचारतात, हे काय? विकणारा म्हणतो पाऊस लागला. मग ते म्हणतात, ओलं वर का नाही ठेवलंस लोकांना दिसेल असं, जो फसवतो तो माझ्यातला नाही. आता बघा, ते धान्य हराम नव्हतं, चोरीचं नव्हतं, फक्त ओलं होतं आणि ओल खाली होती. आपल्या गाडीवर गिऱ्हाईकाला वरचा कोरडा ढीगच दिसतो, निखाऱ्यावरची सळई, लिंबू, कांदा. खालची ओल म्हणजे बर्फ वितळलेला डबा, दुपारपासून बाहेर राहिलेला खिमा, एकच फडकं. ती आपल्यालाच माहीत असते. कुरआनमध्ये खाण्याबद्दल नुसतं हलाल नाही म्हटलेलं, सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत हलाल आणि तय्यिब दोन्ही शब्द जोडून येतात, तय्यिब म्हणजे चांगलं, स्वच्छ, बाधणार नाही असं. आपल्या लाईनीत पहिल्या शब्दावर सगळे ठाम असतात, दुसऱ्यावर तितकं कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं आपलं चुकतं ते इथंच.

आधी कागदपत्रं, हे पटकन सांगतो

खायचं काही विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, गाडी असो नायतर घरातून डबे असोत, २००६ चा कायदा आहे. छोट्या धंद्याला मोठं लायसन लागत नाही, साधं रजिस्ट्रेशन असतं, फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर स्वतःच करता येतं, आधार, फोटो आणि धंद्याची माहिती भरायची. फी थोडी असते, एजंटला हजारो रुपये देऊ नका. १४ आकडी नंबर येतो तो गाडीवर दिसेल असा लावायचा. जागेचा विषय वेगळा, २०१४ चा पथारीवाल्यांचा कायदा आहे, त्यात विक्रेत्याला सर्टिफिकेट मिळतं. महापालिकेच्या हद्दीत महापालिका बघते आणि कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्यामुळे एमजी रोडच्या आसपास उभं राहायचं असेल तर महापालिकेचा कागद दाखवून उपयोग नाही. ज्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे त्यांनी पीएम स्वनिधी या सरकारी कर्जयोजनेचं बँकेत विचारून घ्या, २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, शेगडी आणि बर्फाच्या पेटीपुरते पैसे त्यात निघतात.

वर्षातून एकदा स्वतःची आणि पोराची मेडिकल तपासणी करून घ्या आणि टायफॉईडची लस टोचून घ्या. जेवणाला हात लावणाऱ्या माणसासाठी हे नियमातच आहे. अन्न विभागाचं फोस्टॅक नावाचं छोटं ट्रेनिंग पण असतं, गाडीवाल्यांसाठी वेगळं, एका दिवसाचं काम आहे.

कसाई बघून ठरवा, बोर्ड बघून नाही

दुकानावर हिरव्या रंगात हलाल लिहिलेलं असतं, ते वाचून कोणी समाधान मानू नये. सकाळी लवकर जा आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहा. चिकनच्या दुकानात चार गोष्टी बघायच्या. कापणारा प्रत्येक कोंबडीवर अल्लाहचं नाव घेतोय का, ओठ हलताना दिसतात. सुरी धारदार आहे का, घासावी तर लागत नाही ना. गळ्यातला श्वासाचा मार्ग, अन्नाचा मार्ग आणि दोन्ही बाजूच्या रक्ताच्या नसा, या चारांपैकी हनफी मसलकात, म्हणजे हनफी पंथाच्या नियमात, कमीत कमी तीन कापल्या गेल्याच पाहिजेत. आणि चौथं, जे लोक बघतच नाहीत, कापल्यावर कोंबडी पिंपात टाकली की पूर्ण शांत होईपर्यंत थांबतात का लगेच गरम पाण्यात घालतात. घाई असली की अर्धवट तडफडणारी कोंबडी पाण्यात जाते, ते चालत नाही. शिवाय आतडी काढायच्या आधी कोंबडी खूप वेळ उकळत्या पाण्यात राहिली तर आतली घाण मांसात उतरते, उलमा, म्हणजे धर्माचे जाणकार, त्याला नापाक म्हणजे अशुद्ध म्हणतात आणि डॉक्टरला विचाराल तर तोही नकोच म्हणेल.

मी माझा आधीचा चिकनवाला याच कारणानं सोडला. माणूस चांगला होता, रेट पण कमी होता, पण रविवारच्या गर्दीत एका हातानं कापणं आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाईकाचे पैसे असं चाललं होतं, आणि बिस्मिल्लाह सकाळी एकदा म्हटलं ते दिवसभराला, असं त्यानंच सांगितलं. त्याला नीट समजावून बघितलं, बदल दिसला नाही, मग शिवाजी मार्केटातला धरला. किलोमागे थोडे जास्त गेले.

मटणाचं बघाल तर कत्तलखान्यात तपासलेल्या मांसावर शिक्का असतो, तो दिसला पाहिजे. महापालिकेचा कत्तलखाना कोंढव्यातच आहे. घ्यायचं ते सकाळी, आणि वास, रंग, हाताला चिकट लागतं का हे बघून. बडे, म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, विकणार असाल तर जास्तच सांभाळून. महाराष्ट्रात गाय पूर्वीपासून बंद होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूसुद्धा बंद आहेत, म्हैस-रेड्याचं चालतं, त्यामुळे रोजचं बिल तारखेसकट गाडीच्या गल्ल्यात ठेवा, बिल नसेल त्या दिवशी बडे विकू नका. आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात चिकन, मटण, बडे वेगवेगळं लिहा. आपल्याकडे सगळ्या धर्माची माणसं येतात, कोणी बडे खात नाही, कोणी फक्त चिकन खातं. मटण म्हणून मागितल्यावर बडे देणारा माणूस मी पाहिलाय. त्याचं मांस हलाल होतं पण ती कमाई मी हलाल म्हणणार नाही.

फ्रोजन पाकीट घेत असाल तर कापण्याची पद्धत आणि हलालचा शिक्का पाकिटावर शोधा, आणि कुठल्या संस्थेचा आहे ते वाचा. ताजं घेणाऱ्या गाडीवाल्याला असलं सर्टिफिकेट कोणी मागत नाही, तिथं कसाई ओळखीचा असणं हेच सर्टिफिकेट.

मांस घरी आलं, आता खरं काम

आठला मांस घेतलं आणि गाडी संध्याकाळी सहाला लागते. मधल्या दहा तासांचं काय? नियम सोपा आहे, ५ डिग्रीच्या खाली नायतर ६० च्या वर, मधल्या तापमानात जंतू भराभरा वाढतात, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये आपलं स्वयंपाकघर या मधल्यातच असतं. दोन तासांच्या वर मांस बाहेर राहता कामा नये, आणि हे दोन तास सगळे मिळून धरायचे, मार्केटातून येताना स्कूटरवर गेलेला अर्धा तास पण त्यातच. पिशवीत बर्फ घेऊन जा. मसाला लावून मुरवायचं ते फ्रीजमध्ये, ओट्यावर झाकून नाही. दही, लिंबू, मीठ लावलंय म्हणजे टिकेल असं पोरं म्हणतात, टिकत नाही. कच्ची पपई लावलेलं तर आणखी लवकर पिठूळ होतं, ती शेवटच्या तासा-दोन तासात.

धुण्याबद्दल थोडं. आपल्या घरात मांस न धुता शिजवणं कोणाला पटणार नाही, आणि मी पण धुतोच. पण नळाच्या जोरदार धारेखाली नको. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असतात आणि धारेचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, धुतलेल्या ताटांवर जातात. एक टब फक्त याच कामाला ठेवा, त्यात पाणी आधी भरा, मांस हळू सोडा, हातानं चोळून काढा, पाणी अलगद ओता, मग टब आणि सिंक साबणानं घासून ब्लीचचं पाणी फिरवा. ५ लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं ब्लीच पुरतं. ब्लीच आणि संडासचं ॲसिड एकत्र कधी करू नका, विषारी वायू होतो. आणि लाल पाणी दिसतं म्हणून सात-सात वेळा धुणारे असतात, तर हराम आहे ते कापताना वाहतं ते रक्त, मांसात मुरलेला लाल रस नाही, त्याची काळजी करू नका.

खिमा कसायाकडून करून आणत असाल तर मशीन तुमच्यासमोर धुवायला सांगा, आधीच्या माणसाचा खिमा आत अडकलेला असतो, काय होता कधीचा होता माहीत नाही.

पाक आणि साफ

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. आमच्या पोरांना पाकी, म्हणजे धर्माच्या नियमातली शुद्धी, चांगली माहीत असते, नजासत म्हणजे धर्मानं अशुद्ध ठरवलेलं काही लागलं तर तीनदा धुवा, पिळा, पाक झालं. बरोबर आहे. पण पाक झालेलं फडकं साफ असतंच असं नाही. एकदा आमच्या गाडीवरच्या फडक्याचं मी नीट बघितलं. संध्याकाळी सहाला मुलानं ते धुऊन पिळून टाकलं, पांढरं होतं. त्यानं पहिल्यांदा लाकडी फळी पुसली जिच्यावर कच्च्या बोट्या, म्हणजे मांसाचे तुकडे, ठेवल्या होत्या, मग हात, मग प्लेट, मग सांडलेली चटणी, मग परत हात, मग प्लेट. मध्ये दोनदा बादलीत बुचकळलं, बादलीतलं पाणी तेच. नवाला त्या फडक्याला वास येत होता आणि त्याच फडक्यानं पुसलेल्या प्लेटमध्ये आम्ही लोकांना कबाब देत होतो. त्या फडक्याला नजासत लागलेली नव्हती. फतवा मागितला असता तर पाकच मिळाला असता.

तेव्हापासून आमच्याकडे तीन रंगाची फडकी आहेत, लाल कच्च्या मांसाच्या जागेला, पिवळं गाडीच्या वरच्या भागाला, पांढरं फक्त हाताला. प्लेटला फडकं नाहीच, प्लेट धुऊन उभी वाळते नायतर कागदी द्रोण. एका रात्रीला बारा फडकी लागतात, घरी जाऊन उकळत्या पाण्यात टाकायची. सुरी आणि फळी पण दोन, कच्च्याची वेगळी, कांदा-लिंबाची वेगळी, अदलाबदल करायची नाही म्हणजे नाही.

वुझूचं, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचं, पण तसंच आहे. आपण पाच वेळा हात धुणारी माणसं, अल्हम्दुलिल्लाह, पण वुझू साबणाशिवाय होतो. नमाजहून आलात, वुझू आहे, तरी शेगडीला उभं राहायच्या आधी साबण लावून २० सेकंद, नखांच्या खाली, अंगठ्याच्या मागं. गाडीला तोटीवाला २० लिटरचा जार बांधा, खाली बादली, शेजारी साबण दोरीनं अडकवलेला. हात धुवायची सोय गाडीवर नसेल तर बाकी सगळं वाचून काही उपयोग नाही, हे पहिल्या दिवशी करा.

ग्लोव्ह्ज घालून पैसे घेणारे बघितलेत, त्याच ग्लोव्हनं रोटी. त्यापेक्षा उघडा धुतलेला हात बरा. पैशाला वेगळा माणूस ठेवा नायतर क्यूआर कोड लावा आणि सुट्ट्यांचा डबा गिऱ्हाईकाकडं सरकवा. हाताला जखम, गळू असेल तर त्या दिवशी तुम्ही शेगडीवर नाही. जखमेतला स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू अन्नात जे विष सोडतो ते परत गरम केलं तरी जात नाही. जुलाब झालेल्या पोराला पगारी सुट्टी द्या, पगार कापलात तर तो लपवून येणार.

पाणी आणि बर्फ

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड, धायरी, किरकटवाडी या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले ते सगळ्यांना आठवत असेल, दोनशेच्या आसपास. हातपाय लुळे पडलेली माणसं, काही गेली. संशय मुख्यतः पाण्यावर होता, आणि बऱ्याच पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, तोच जो कच्च्या चिकनवर असतो. त्या महिन्यात चिकनचं गिऱ्हाईक एकदम तुटलं. लोक विचारायचे, पाणी कुठलं वापरता? मी जार उघडून दाखवायचो, क्लोरीनच्या गोळ्यांची बाटली दाखवायचो. ज्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं त्यांनी गाडी बंद ठेवली.

कोंढव्यात निम्म्या सोसायट्या टँकरवर चालतात हे आपल्याला माहीतच आहे. टँकरचं पाणी प्यायचं म्हणून किंवा चटणीत वापरू नका, उकळा नायतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. बर्फ दोन प्रकारचा असतो, खायचा आणि नुसता थंड करायचा. महाराष्ट्रात २०१८ पासून खायचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे. निळा बर्फ मांसाच्या पेटीत डब्याच्या बाहेर चालेल, सरबतात घातलात तर गुन्हा आहे. पेटीत खाली बर्फ, मध्ये घट्ट झाकणाचे डबे, वर परत बर्फ, आणि पेटीला खालून पाणी सोडायचं बूच हवं, वितळलेल्या पाण्यात डबे तरंगत असतील तर तो थंडावा खोटा समजा. पेटीतून एकावेळी अर्धा किलोच बाहेर काढायचं, गर्दी असली तरी.

शेगडीवर

बोटी आणि खिमा यांच्यात मोठा फरक आहे. बोटीवर जे जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला, निखाऱ्यावर ते मरतात. खिम्यात वरचं सगळं दळून आत गेलेलं असतं, म्हणून सीख कबाब मधोमध शिजलाच पाहिजे, आत ७५ डिग्री. सुई असलेला थर्मामीटर काही शेकड्यात मिळतो, तो घ्या आणि पहिले पंधरा दिवस प्रत्येक घाण्यात एका कबाबात खुपसा, नंतर हात तयार होतो. माझा अंदाज असा, सळईवरून कबाब दोन बोटांनी दाबला तर आत मऊ लिबलिबीत लागू नये, आणि सळई काढल्यावर भोकातून येणारा रस पारदर्शक हवा, गुलाबी असेल तर परत शेगडीवर. जाडजूड कबाब बाहेरून काळा आत कच्चा राहतो, बारीक वळा. निखारे पांढरे होईपर्यंत थांबा, ज्वाळेवर भाजू नका.

आता माझी चूक सांगतो. गाडी सुरू करून दुसरंच वर्ष, रमजान, तरावीहच्या नमाजनंतरची रात्रीची गर्दी, तीन रांगा. कच्च्या सळया ज्या ट्रेमध्ये भरून आणल्या तो ट्रे रिकामा झाला, आणि मी भाजलेले कबाब त्याच ट्रेमध्ये काढले. जागा नव्हती हेच कारण. कबाब उत्तम शिजलेले होते. दोन दिवसांनी आमच्या नेहमीच्या एक खाला आल्या, मागच्याच बिल्डिंगमधल्या, घरातली तीन माणसं आजारी, नातू सलाईनवर. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच विचारलं, बेटा, त्या दिवशी गोश्त रोजचंच होतं ना? मी म्हटलं रोजचंच होतं, आणि ते खरं होतं, ट्रेचं मला रात्री झोपताना आठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन ते सांगितलं, दवाखान्याचा खर्च दिला, चार दिवस गाडी लावली नाही. आता कच्च्याचे ट्रे निळे प्लास्टिकचे आणि शिजलेल्याचे स्टीलचे, अंधारात हाताला पण कळतं.

रंगाबद्दल. लाल भडक तंदुरी, केशरी सीख, पोरं म्हणतात रंगाशिवाय विकत नाही. कर्नाटकात जून २०२४ मध्ये कबाबमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी आली, तपासणीत काही नमुन्यांत असे रंग निघाले म्हणून. आपण तपासणीची वाट कशाला बघायची, बेडगी किंवा काश्मिरी मिरची भिजवून वाटा, थोडं तेलात परता, रंग येतो आणि तो हाताला चिकटून राहत नाही. आमच्या गाडीवरचं चिकन शेजाऱ्यांपेक्षा फिकं दिसतं, लोक विचारतात, मी सांगतो का फिकं आहे, आणि तेच लोक परत येतात.

समोसे, कटलेट तळणार असाल तर तेल रोज बदला. काळं झालं, फेस यायला लागला, धूर लवकर यायला लागला की संपलं. रात्रीच्या तेलात सकाळी नवीन ओतायची सवय लावून घेऊ नका. पार्सल वर्तमानपत्रात नको, शाईत शिसं आणि रसायनं असतात आणि गरम तुपकट पदार्थ ती ओढून घेतो. बोहरी आळीत बटर पेपर आणि कागदी डबे होलसेलमध्ये मिळतात.

चटणी

माझं मत विचाराल तर कबाबच्या गाडीवर सगळ्यात धोक्याची वस्तू मांस नाही, हिरवी चटणी आहे. मांस निखाऱ्यावर जातं, चटणी कशावरच जात नाही. मातीची कोथिंबीर, पुदिना, कच्चं पाणी, दही, आणि बाटली चार दिवस तीच, वरून ओतत राहायचं. मार्केटयार्डातून आणलेली जुडी निवडून तीन पाण्यातून काढा, मग क्लोरीनच्या पाण्यात काही मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्यात परत. वाटताना पण तेच पाणी. लहान बाटल्या भरा, एक बाहेर बाकी बर्फात, एक संपली की ती घरी जाते, तिच्यात नवीन ओतायची नाही. रात्री उरलेली फेकायची. मी दोन किलोची चटणी ओतताना लोक हळहळतात, पण कोथिंबीर स्वस्त आहे. कापलेला कांदा पण झाकून, थोडा थोडा.

हलाल नकळत कुठं सुटतं

मांसाचं सगळे बघतात, बारीकसारीक गोष्टी निसटतात. तूप-तेल लावायचा ब्रश बघा, काही ब्रशचे केस डुकराचे असतात, सिलिकॉनचा घ्या, धुवायला पण सोपा. नायतर अर्धा कांदा काट्याला लावून तेल फिरवा, आमच्या मामूंची पद्धत. चायनीज ठेवणार असाल तर सॉसच्या बाटलीवर वाईन लिहिलंय का वाचा. फालुद्याची जेली जिलेटिनची असू शकते, चायना ग्रासची घ्या, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितला तरी बरंच काम होतं. फूड फेस्टिव्हलला स्टॉल लावलात तर शेजाऱ्याच्या तळणीत तुमचे समोसे तळून घेऊ नका, त्यात आधी काय तळलं ते माहीत नाही, आणि कॉमन फ्रीझरमध्ये माल ठेवणार असाल तर आधी उघडून आत काय आहे बघा.

कोळंबीचे कबाब करणार असाल तर एक लक्षात ठेवा, कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत, त्यांना कोळंबी सरळ चालते, हनफींमध्ये काही लोक खात नाहीत. वाद घालायचा नाही, तवा वेगळा ठेवायचा. हेच पनीर टिक्क्याचं. शाकाहारी माणूस आपल्या गाडीवर विश्वासानं येतो, त्याच्या सळया वेगळ्या, चिमटा वेगळा, शेगडीचा एक कोपरा वेगळा. तेवढी जागा नसेल तर पनीर ठेवू नका. विचारलं तर खरं सांगा की शेगडी एकच आहे.

कपूरे (बकऱ्याचे वृषण), पित्ताशय, गाठी हे हनफी मसलकात खात नाहीत, कसाई टाकून देतो का मिसळतो ते विचारून घ्या, कोणी मागितले तरी मी ठेवत नाही.

रमजान आणि पावसाळा

रोज्यात चव बघता येत नाही ही नव्या पोरांची मोठी अडचण. गरज असेल तर जिभेला लावून थुंकायची मुभा उलमा देतात, पण सरळ वजनावर या. किलोला मीठ किती, मिरची किती, गरम मसाला किती, काट्यावर मोजून पुड्या बांधून ठेवा, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच. आमच्याकडे तीस दिवसांच्या पुड्या आधी तयार असतात. चमचा पातेल्यात घालून चाटून परत पातेल्यात, ही सवय पण त्यामुळे सुटते.

इफ्तारच्या आधी सगळं तयार करून मांडून ठेवायचा मोह होतो, चारला तळलेले समोसे, चारला काढलेला हलीम. हलीम, निहारी, बिर्याणी हंडीत मंद आचेवर वाफाळत राहिली पाहिजे. भाताचं तर खास सांगतो, त्यात एक जंतू असतो ज्याचे बीज शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते वाढतात. उरलेली बिर्याणी सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, विकू नका. रात्री दहाला रांग असते आणि पेटीतला माल संपत आलेला असतो, तेव्हा कोणीतरी म्हणतं बाजूच्याकडून दोन किलो घेऊन येतो. कुठल्या कसायाचं, कधीचं, कुठं ठेवलेलं माहीत नसेल तर माल संपला म्हणून सांगा आणि शेगडी विझवा.

पावसाळ्यात माश्या आणि चिखल. गाडी गटारापासून, कचऱ्याच्या पेटीपासून लांब, छप्पर दोन्ही बाजूंनी पुढे आलेलं, सगळ्याला झाकण. भांडी झाकून ठेवा हे हदीसमध्येच आलेलं आहे. कचऱ्याला झाकणवाली बादली, हाडं वेगळी, आणि ती रस्त्यावर कुत्र्यांना टाकून जायचं नाही, दुसऱ्या दिवशी तिथंच उभं राहायचंय आणि शेजारच्या दुकानदाराला पण तोंड दाखवायचंय.

रात्री बंद करताना

पहिला महिना तीन किलोच्या वर माल आणू नका. कमी आणलात तर रात्री उरत नाही, उरलं नाही तर उद्या वापरू का फेकू हा प्रश्नच येत नाही. मसाला लावून गाडीवर आलेलं, शेगडीच्या उष्णतेत राहिलेलं कच्चं मांस परत फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी विकायचं नाही. भाजून घरी न्या, खा, नायतर गरम गरम वाटून टाका, आमच्या गल्लीच्या तोंडाशी वॉचमन आणि रिक्षावाले असतात.

सळया गरम असतानाच तारेनं घासा, गार झाल्यावर चिकटलेलं निघत नाही, मग साबणाच्या पाण्यात, मग उकळतं पाणी, आणि उभ्या करून वाळवा, ओल्या गुंडाळल्या की गंज. राख पूर्ण विझल्याशिवाय कचऱ्यात नाही. पेटीचं बूच काढून आतून ब्लीचच्या पाण्यानं धुवा आणि झाकण रात्रभर उघडं ठेवा. फडकी मोजा, बारा आणली होती तर बारा परत. आणि कसायाचं बिल वहीत चिकटवून शेजारी लिहा किती किलो, किती वाजता आणलं, पेटीत कधी गेलं, किती उरलं.

वही सांभाळून ठेवा. पुढच्या वर्षी मसाला विचारायला परत आलात तर मी आधी ती बघायला मागणार आहे.